पिवळं दिसलं की बाहेर

घर भाड्याने देण्याआधी सिडनीतले घरमालक काय काय मागतात ते इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. पगाराच्या स्लिपा, आधीच्या एजंटचं शिफारसपत्र, बँकेची स्टेटमेंटं, शिवाय चेहऱ्यावर सज्जनपणा. आमचे घरमालक म्हणजे काका, त्यांनी यातलं काहीच मागितलं नाही. हॅरिस पार्कातल्या त्यांच्या जुन्या लाकडी घराच्या मागच्या दारात उभं राहून त्यांनी आम्हा नवराबायकोला एकच प्रश्न विचारला.

"आजारी झाडं बघवतात का तुम्हाला?"

माझा नवरा इंजिनिअर. प्रश्न आला की उत्तर दिलंच पाहिजे, अशी त्याला सवय. तो म्हणाला, "आम्ही बरी करू ना काका! मला गार्डनिंग आवडतं."

"मग हे घर तुमच्यासाठी नाही," असं म्हणून काका दार लावायला निघाले. स्टेशन पायी पाच मिनिटांवर, समोर भाजीवाला, कोपऱ्यावर जिलबी, आणि हा माणूस आवडीपायी घर घालवतोय! मी घाईघाईने म्हटलं, "मला मुळीच आवडत नाही. माझ्या हातून तुळससुद्धा जगत नाही." काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चावी माझ्या हातात ठेवली.

काका स्वतः मागच्या अंगणातल्या छोट्या घरात, ग्रॅनी फ्लॅटमध्ये, राहायचे. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्यावर क्रिकेटच्या पंचासारखी पांढरी हॅट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. ते भिंग अंघोळीलाही उतरत नसावं असा आमचा संशय होता. बायको फार पूर्वी गेली, मुलगा पर्थला. मूळचे सांगलीकडचे. गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करायला तरुणपणी या देशात आले आणि निवृत्त होईपर्यंत तांबेरा एके तांबेरा करत राहिले. निवृत्तीनंतर लोक क्रूझवर जातात, भजनी मंडळ काढतात. काकांनी झाडांचा तांबेरा धरला.

हा झाडांचा तांबेरा म्हणजे काय, ते मला पहिल्याच आठवड्यात ऐकावं लागलं, दुधाची पिशवी हातात धरून. जांभूळ, पेरू, निलगिरी ही एका कुळातली मंडळी, आणि ऑस्ट्रेलियाचं निम्मं जंगल त्याच कुळातलं. त्या कुळाला लागणारी ही बुरशी बाहेरच्या देशातून आली आणि वाऱ्यावर बसून किनाऱ्याकिनाऱ्याने सुटली. कोवळ्या पानावर पिवळीधमक पूड धरते. पान वळतं, शेंडा जळतो, झाड पुन्हा पालवी काढतं, ती पुन्हा जळते. असं करता करता झाड थकतं आणि जातं. काही जातींची तर फुलंच पिवळी होऊन गळतात, मग फळ नाही, बी नाही, पुढची पिढीच नाही. हे सांगताना काकांचा आवाज चढायचा, डोळे लकाकायचे. नवख्या माणसाला वाटायचं, गृहस्थ तांबेऱ्याच्या पार्टीतला आहे.

तसे ते थोडेसे होतेही. त्यांच्या अंगणात रोगाला मज्जाव नव्हता. मधोमध एक कायमचं आजारी झाड ठेवलेलं, त्याला ते 'पुरवठादार' म्हणायचे. भोवती बियांपासून वाढवलेली रोपं, सगळी एकाच जातीची. स्क्रब टर्पेंटाइन असं तिचं इंग्रजी नाव, पानांवर तमालपत्रासारख्या तीन शिरा. एका ओहोळाकाठच्या झाडांचं बी त्यांनी कधीतरी जमवलं होतं, पुढे तीच झाडं तांबेऱ्याने गेली. या रोपांवर औषध मारायचं नाही, आडोसा करायचा नाही, गोंजारायचं तर मुळीच नाही. रोग येऊ द्यायचा. जो तगेल तो तगेल.

"आणि जो नाही तगणार?" मी विचारलं होतं.

"पिवळं दिसलं की बाहेर."

म्हणजे फावड्याने उपटायचं, काळ्या पिशवीत बांधायचं, पिशवी उन्हात तापत ठेवायची. मी आजवर कुठल्या झाडासाठी रडले नव्हते. त्या घरात दोनदा रडले. काका पिशवीचं तोंड बांधता बांधता म्हणायचे, "माया लावलीस तर डोळे खोटं बोलायला लागतात. काय समजलं?"

अंगणात जायचे कपडे वेगळे. मागच्या दाराशी खुंटीवर काकांचे जुने शर्ट टांगलेले असायचे. आत जाताना तो चढवायचा, बाहेर येताना उतरवायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, चपला बदलायच्या. आपल्या अंगावरची पूड रविवारी बुशमध्ये, म्हणजे रानात, फिरायला जाताना सोबत नेऊ नये म्हणून. पुढे करोना आला, सगळं जग हात धुवायला शिकलं, तेव्हा आम्ही जुने विद्यार्थी होतो. माझा नवरा ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर ऐटीत सांगायचा, "मेट, आमच्या घरी हे दोन वर्षांपासून चालू आहे."

काकांचं फिरणं हा आणखी एक प्रकार. संध्याकाळी हॅरिस पार्कच्या गल्ल्यांतून निघाले की लोकांच्या कुंपणांपाशी थांबायचे. इथे घरोघरी लिली पिलीचं कुंपण असतं, तेही जांभळाच्याच भावकीतलं. पान उलटून भिंगातून बघायचे, आणि सापडलं तर थेट बेल वाजवायचे. "कॉन्ग्रॅच्युलेशन्स! युवर हेज हॅज गॉट इट!" समोरचा बिचारा आधी आनंदाने हसायचा आणि मग विचारायचा, "गॉट व्हॉट?"

आम्ही आता सिडनीच्याच टोकाला, स्कोफिल्ड्सला राहतो. नवीन घर, नवीन कर्ज, आणि सगळ्या गल्लीला एकाच बिल्डरने लावलेलं एकसारखं कुंपण. वास्तुशांतीला साताऱ्याहून सासू-सासरे आले होते. काकाही आले. दारातून आत न येता ते परस्पर कुंपणाकडे गेले. गुरुजी खोळंबलेले, होम धुमसतोय, आणि काका माझ्या सासऱ्यांना काठीसकट ओढत नेऊन एकेक पान दाखवतायत. माझी मुलगी म्हणाली, "ममा, व्हाय इज ही टॉकिंग टु द हेज?" मी म्हटलं, "तो त्यांचा स्वभाव आहे, बाळा."

पण त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट मला खरोखर छळायची. त्यांना जे ठाऊक नाही ते कधीही, कोणाच्याही समाधानासाठी, ते बोलत नसत. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज अडकला होता तेव्हाची गोष्ट. जो भेटेल तो म्हणायचा, "होईल गं, नो वरीज." आपल्यालाही तेवढंच हवं असतं. मी काकांपाशी रडवेली होऊन म्हटलं, "होईल ना हो काका?" तर म्हणाले, "मला काय ठाऊक? त्या खात्यात मी काम केलेलं नाही." मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता कोपऱ्यातल्याबद्दल सांगते.

हॅरिस पार्कातल्या त्या घरी गराजच्या भिंतीलगत, अंगणाच्या अगदी टोकाला एक रोप होतं. काका झाडांना नावं ठेवत नसत, म्हणून ते नुसतं 'कोपऱ्यातलं'. बाकीची एकेक करत काळ्या पिशवीत गेली, हे छातीइतकं उंच झालं. हिरवंगार, लखलखीत, पानावर एक म्हणता एक डाग नाही. मला वाटलं काका आनंदाने नाचत असतील. पण ते जितकं निरोगी दिसायचं तितकं काकांचं तोंड पडायचं.

"अहो, हेच ना ते तगणारं?" मी एकदा न राहवून विचारलं.

"अजून हो म्हणू नकोस. रोग न लागणं वेगळं आणि रोग न पोचणं वेगळं. वर गराजचं छप्पर आहे. पानं ओली होत नाहीत. पान ओलं झाल्याशिवाय बुरशी रुजत नाही. हे बलवान आहे का नुसतं नशीबवान, ते कसं कळणार?"

ते जमिनीत खोल रुजलेलं, हलवायची सोय नव्हती. काकांनी पुरवठादाराच्या फांद्या त्याच्यावर झटकून पाहिल्या, भिंग घेऊन तासन्‌तास समोर उकिडवे बसले. काही नाही. मुलगी वयात आली आणि स्थळ सांगून येत नाही, अशा बापासारखी त्यांची अवस्था झाली होती. वय सत्तरीच्या पुढे, बी आता कुठे मिळणार नाही, आणि सगळ्या कामातून उरलेलं हे एकच रोप काय ते सांगेना.

अशात पुतणीच्या लग्नासाठी काका थोड्या दिवसांसाठी म्हणून सांगलीला गेले आणि करोनाने ऑस्ट्रेलियाची दारं बंद झाली. विमानं रद्द, पुन्हा तिकीट, पुन्हा रद्द. थोड्या दिवसांचं वर्ष झालं, वर्षावर आणखी महिने चढले. आमच्याकडे उलटी गंमत. माझ्या सासूबाई त्याच सुमाराला साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या, त्या इकडे अडकल्या. काका तिकडे तळमळतायत, सासूबाई इकडे.

दर रविवारी सकाळी काकांचा व्हिडिओ कॉल यायचा. मी त्यांचा शर्ट चढवून, फोन हातात धरून अंगणभर फिरायची. "जवळ ने. अजून जवळ. हलू नकोस. पान उलट. अगं, अंगठा काढ मधला!" तुळस न जगवणारी मी आता कोवळं पान आणि जून पान डोळे मिटून सांगू शकत होते. आणि खरं सांगू? मला त्यात भयंकर मजा यायला लागली. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, त्यापेक्षा हे फार जिवंत काम होतं.

मार्चमध्ये इथे धो धो पाऊस झाला आणि गराजच्या छपराची पन्हळ, इथल्या भाषेत गटर, फुटली. कोपऱ्यातल्यावर पाण्याची धारच लागली. नवरा शिडी काढतोय तोवर सांगलीहून आरोळी आली, "गटर दुरुस्त करू नका! खबरदार!" भाडेकरूला दुरुस्ती करू नका म्हणून विनवणारा हा जगातला एकमेव घरमालक असेल. त्यानंतर प्रत्येक रविवारी काका श्वास रोखून बघायचे. पिवळं नाही. कॅमेऱ्यात तरी काहीच नाही. "अजून हो म्हणू नकोस," ते पुटपुटायचे, पण एकच पान आता तीनतीनदा दाखवायला लावायचे.

त्याच सुमाराला भारतात दुसरी लाट आली. माझ्या सासऱ्यांना साताऱ्यात करोना झाला, हॉस्पिटल झालं, ऑक्सिजन झाला. विमानं बंदच. सासूबाई इथे हॉलमधल्या सोफ्यावर फोन मांडीत घेऊन बसून असायच्या. रडायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. सासरे घरी आले तेव्हा त्यांनी शिरा केला आणि तोही कोणाशी न बोलता वाढला.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. आदल्या वर्षी सासूबाई ओळखीच्या बायकांबरोबर पार्कातल्या मोठ्या रानटी अंजिराला फेऱ्या मारून आल्या होत्या; वडाचा चुलतभाऊ म्हणून तो चालवून घेतला होता. पण या वर्षी सिडनीत पुन्हा केसेस निघायला लागल्या होत्या. "मला इथे काही झालं तर ह्यांना तिकडे कोण सांगणार?" असं म्हणून त्यांनी बाहेर जायचं नाकारलं. मी सकाळपासून मीटिंगमध्ये. दुपारी जेवायला बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पूजा झाली गं माझी." मला वाटलं, पाटावर गंधाने वड काढला असेल. साताऱ्यात काढतात तसा.

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, पण काकांना राहवेना म्हणून त्यांचा कॉल आला. मी शर्ट चढवला, फोन धरला, कोपऱ्यापाशी गेले आणि जागीच थिजले.

वरच्या सगळ्या पानांवर पिवळीधमक पूड होती.

"काय झालं? दाखव," काका म्हणाले. मी दाखवलं. सांगलीच्या त्या छोट्याशा चौकटीत काकांचा चेहरा मावळत गेलेला मी बघितला.

"बोट लाव."

लावलं. बोट पिवळं झालं.

"जूनमध्ये?" ते म्हणाले. "इतकं? अचानक?" मग मला वाटलं नेट गेलं. पण पंखा फिरताना दिसत होता.

"काका?"

"काढ बाहेर," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

मी फावडं आणलं, काळी पिशवी आणली. नवऱ्याला हाक मारायचंही सुचलं नाही. डोळ्यांना धारा लागलेल्या, नाक गळतंय, अंगात काकांचा ढगळ शर्ट, आणि मी फावडं मातीत घातलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून अशी काही किंकाळी आली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"अगं ए! काय करतेस? कालच पूजलंय मी त्याला!"

सासूबाई हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या. "वड नाही तर नाही, म्हटलं घरातलं सगळ्यात धडधाकट झाड बघावं. सगळी मेली, हे एकटं उभं आहे. ह्यांच्यासाठी याच्याहून चांगलं कुठलं?"

"आई, ही हळद आहे?"

"मग काय पिठलं आहे? खोड हे एवढंसं, हळद लावायची कुठे? म्हणून पानांवर वाहिली. कुंकू खाली लावलंय, हे बघ. सूत नव्हतं, म्हणून शिवणाच्या डब्यातला दोरा गुंडाळला."

गवत बाजूला केलं तर बुंध्याला कुंकू होतं. आणि त्या सडपातळ खोडाभोवती पांढरा दोरा, नीट सात वेढे. मी मातीत बसकण मारली आणि हसत सुटले. मग रडले. मग काकांना फोन लावला. त्यांनी उचललाच नाही, तिसऱ्यांदा उचलला.

"काका, हळद आहे! आईंनी वटपौर्णिमा केली! हळद!"

आयुष्यभर तांबेऱ्याशी संसार केलेला तो माणूस हळदीला फसला होता. मला वाटलं आता हसतील. पण काका इतके भडकले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "हळद? अगं, हळद बुरशी मारते! माझ्या झाडावर औषध? इतकी वर्षं मी थेंब पडू दिला नाही! धू! आत्ताच्या आत्ता धू!"

मी झारी आणली. एकेक पान तळहातावर घेऊन बोटांनी हळुवार धुवायला लागले. इतक्या जवळून मी ती पानं कधी बघितली नव्हती. दर वेळी मध्ये फोन असायचा. हळद ओघळली, खालून हिरवं पान वर आलं. पानावर ठिपके होते. तपकिरी, बारीक, मोहरीहूनही बारीक.

"काका," मी म्हटलं, "डाग आहेत."

"कसले?"

"तपकिरी. खूप बारीक."

"पिवळा फुगवटा आहे मध्ये?"

"नाही. सपाट."

"खालून?"

मी पान उलटलं. "खालूनही सपाट. नुसता सुकलेला ठिपका."

"हळद न लागलेलं पान बघ. खालचं."

"त्यावरही आहेत."

"दुसरं."

"आहेत. काका, सगळ्या पानांवर आहेत. सॉरी, मला आधी दिसलेच नाहीत."

पलीकडून असा आवाज आला की मला वाटलं म्हातारा कोसळला. मग फोन गरगर फिरला. छत, पंखा, कुणाचीतरी साडी, पुन्हा छत. काका ओरडत होते, "आला होता! अगं, रोग आला होता!" घरातली माणसं "काय झालं, काय झालं" करत धावली. काका त्यांनाही तेच सांगत होते, "आला होता! शिरला होता!" सत्तरी ओलांडलेला माणूस सांगलीच्या त्या घरात लहान पोरासारखा नाचत होता आणि इकडे मीसुद्धा, काही न समजता, झारी हातात घेऊन उड्या मारत होते.

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्या हातून फोन घेतला. "भाऊ, चुकलं हो माझं. मला ठाऊक नव्हतं, हळद चालत नाही ते."

"चुकलं कसलं वहिनी! हळद वाहिली म्हणून तर हिने पान धुतलं!" काकांना धाप लागली होती. "ऐका. बुरशी पानात शिरली. शिरल्याबरोबर झाडाने ओळखली. आणि ती जिथे शिरली तेवढाच कण झाडाने स्वतःच मारून टाकला. तिला पुढे पाऊल टाकू दिलं नाही, पूड धरू दिली नाही. तो मेलेला कण म्हणजे हा डाग. नुसतं स्वच्छ पान मला काही सांगत नव्हतं. डाग सांगतो. ते नशीबवान नाही वहिनी, बलवान आहे!"

सासूबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी ते ठिपक्यांचं पान बोटाने नुसतं टेकून बघितलं.

"ह्यांच्या फुप्फुसात डाग राहिलेत," त्या म्हणाल्या. "परवा छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणतात, बघू."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. त्यांनी ते एकटीने पोटात ठेवलं होतं.

"ते पण असंच असतं का हो भाऊ?"

मी मनातल्या मनात काकांचे पाय धरले. हो म्हणा. एकदाच, आयुष्यात एकदाच, न कळता हो म्हणा. स्क्रीनवर काकांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वहिनी," ते म्हणाले, "माणसाचं मला कळत नाही. मी उगाच हो म्हणणार नाही."

फोन हिसकावून घ्यावा असं मला वाटलं. पण सासूबाईंचा चेहरा पडला नाही. कित्येक महिने सगळे त्यांना "काही होत नाही, सगळं ठीक होईल" म्हणत आले होते, मीसुद्धा. त्यांनी मान हलवली, गराजच्या पायरीवर सावकाश बसल्या आणि फोन दोन्ही हातांनी नीट समोर धरला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग झाडाचं सांगा. पुन्हा एकदा, पहिल्यापासून."

आणि काका सांगायला लागले.